उभ्या पिकाचा ताबा

मी, खाली सही करणारी, वाखाच्या कारखान्याची मालकीण आणि गल्लीची दोरवाली काकू, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि दाराला आतून कडी घालून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, कारण मला हल्ली काही आठवत नाही असे माझ्या जाऊबाई वर्षभर सगळीकडे सांगत फिरतात. मला सगळे आठवते, आणि त्यांची अडचण तीच आहे.

कलम एक. राहते घर, मागची शेड, वाख सोलायचे यंत्र, विंचरायच्या फण्या आणि दोर वळायचा रहाट माझ्या एकुलत्या एक लेकीला. रहाट कुरकुरतो. त्याला तेल पाजू नये. त्याचा आवाज बदलला की दोर सैल पडतोय हे कळते. शेतजमीनही लेकीचीच. जमीन म्हणजे माती, बांध आणि विहीर. पिकाचे पुढे लिहिते.

कलम दोन. सासऱ्यांची शिसवी खुर्ची जाऊबाईंना. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा तिच्यावर डोळा आहे. मागचा पाय खिळखिळा आहे, ते बसल्यावर कळेलच.

कलम तीन. बँकेत जे असेल ते लेकीचे. फार आशा धरू नये.

कलम चार. सरकारी कागदात ज्याला औद्योगिक भांग म्हणतात, त्याला आम्ही घरात नुसता वाख म्हणतो. हे पीक परवान्याशिवाय पेरता येत नाही. तपासनीसाने शेंडे नेऊन त्यातला नशेचा अंश तपासल्याशिवाय कापताही येत नाही. पीक जितके जास्त दिवस उन्हात उभे राहील तितका तो अंश चढतो, आणि मर्यादेच्या वर गेला की सगळे पीक जागेवर जाळतात. परवाना माणसाचा असतो, जमिनीचा नाही. माझा श्वास थांबला की तोही संपला, आणि त्या क्षणी उभे पीक ज्याच्या ताब्यात, तो गुन्हेगार. नियमात शब्द तोच आहे, ताबा.

खालच्या शेतातला सुतळीवाला असाच तपासणीची वाट पाहता पाहता गेला. बापाला निरोप देऊन मुलगा घरी परतला, तर बांधावर पोलीस उभे होते. तो अजून आत आहे. शेत लिलावात निघाले आणि माझ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी घेतले.

यंदा तपासनीस माझ्या बांधावर येतो, पण शेंडे काही नेत नाही. दर खेपेला एकच विचारतो, "काकू, तब्येत काय म्हणते?" मागच्या खेपेला मी नमुन्याचे विचारले, तर हसून म्हणाला, "घाई काय आहे? तुम्ही जपा." जाताना भाऊजींकडे चहा घेऊन गेला. तेव्हापासून मला भीती वाटते. लेकीच्या हातात बेड्या दिसतात.

कलम पाच. कापलेल्या पिकाची ताटे भिजत घालायची टाकी खोल आहे. तिच्या कठड्याला, वाकताना धरायला, मी वळलेला दोर बांधलेला होता. मी डावखुरी, म्हणून माझ्या दोराचा पीळ उलटा बसतो. या घरात दुसऱ्या कोणाचा तसा बसत नाही. गेल्या आठवड्यात सवयीने दोराला हात लावला आणि तो माझा नाही हे कळले. पीळ सुलटा, आतून कुजका. भाऊजींना विचारले, तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या काळजीपोटीच बदलला." त्या दोराचा तुकडा डॉक्टरांकडे मोहोरबंद ठेवला आहे. मी टाकीत सापडले, तर पाय घसरला असे कोणी म्हणू नये. दोर पाहिल्यापासून मी तिकडे फिरकलेले नाही.

कलम सहा. माझ्या मृत्यूच्या वेळी शेतात पीक उभे असेल, तर ते मुळापासून शेंड्यापर्यंत, ताब्यासह, माझ्या दिरांना. सासरे गेल्यापासून भाऊजींचे एकच पालुपद, "जमीन ठेवा तुम्हाला, नुसता ताबा द्या." इतकी वर्षे दिला नाही, आता देते. कुंपणाच्या फाटकाची किल्ली आजच शिंपीणबाईंकडे सोपवली आहे; माझ्यामागे त्यांनी ती भाऊजींच्या हातात द्यावी आणि पोच घ्यावी. माझ्या लेकीने त्या दिवशी शेतात पाऊल टाकू नये. रडायचे ते घरात बसून रडावे.

कलम सात. हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडण्यासाठी नाही. सह्या होताच डॉक्टरांनी ते भाऊजींना, तपासनीसासमोर, मोठ्याने वाचून दाखवावे. पीक नको असेल तर भाऊजींनी तिथेच नको म्हणावे, आणि का नको तेही सांगावे. हवे असेल, तर शेंडे तपासून कापणी होईपर्यंत मी जिवंत राहणे आता त्यांच्याच फायद्याचे आहे. भाऊजी, मला जपा.

सही: दोरवाली काकू (डाव्या हाताची)

साक्षीदार: गल्लीतले डॉक्टर, समोरच्या शिंपीणबाई. दोघांनी टाकीवरचा दोर स्वतः हाताळून पाहिला आहे.

स्थळ: कारखान्याची पुढची खोली, जिथून टाकी दिसते.
दिनांक: आजचा, पीक उभे असतानाचा.