मोर्च्याच्या दिवशीचा चेंडू

आष्टा,
२३ मार्च १९६९

प्रिय जालिंदर,

सप्रेम जयभीम. तुझं पाकीट परवा पोचलं. बनावहिनींचा ताप उतरल्याचं वाचून आमच्या पारूचा जीव भांड्यात पडला. आंबेहळद पाठवते म्हणाली आहे, तेव्हा ती येईलच. इकडे सगळं बरं आहे. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत आणि माझा घसा नेहमीसारखा बसला आहे. परवा इस्लामपूरला दीड तास बोललो. लोक हलले नाहीत, आणि मलाही थांबता आलं नाही.

पाकिटात तू माझ्या सत्काराच्या मानपत्राचा मसुदा पाठवलास, तो तीनदा वाचला. अक्षर तुझंच आहे, मजकूर कमिटीचा. चौदा एप्रिलला नव्या वस्तीवर सगळ्यांसमोर तो तू वाचणार. त्यातलं दुसरंच वाक्य, ‘भूकंपग्रस्तांच्या मोर्च्यात दगड लागून ज्यांनी आपला डावा डोळा गमावला’. पुढचं वाचताना अक्षरं हलू लागली. मोर्च्यात मी नव्हतो, हे या जगात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? वर्ष उलटून गेलं. तू एका शब्दानं विचारलं नाहीस, आणि गावोगाव तोंड चालवणारा मी तुझ्यापुढे मुका राहिलो. म्हणून आता लिहितो. कुठे होतो, ते सगळं.

मोर्च्याच्या त्या सोमवारी मी सांगलीत होतो. आदल्या रात्री तिथे सभा झाली होती. सकाळी साडेदहाची गाडी धरून कऱ्हाडला यायचं आणि तिथून तुमच्यात सामील व्हायचं, असं आपलं ठरलं होतं. घरांवर घालायचे सरकारी पत्रे तालुक्याला येऊन महिना झाला होता आणि आपल्या वस्त्या अजून तुराट्यांच्या आडोशाला होत्या. भाषण मी रात्रीच मनात जुळवलं होतं. पिशवी घेऊन स्टँडकडे निघालो, तर वाटेत मैदान. भूकंपाच्या मदतीसाठीच दोन दिवसांचा सामना ठेवला होता, मुंबईहून खेळाडू आले होते. कर्ण्यावरून सांगत होते की जो प्रेक्षक सिक्सरचा चेंडू झेलील, त्याला तो सगळ्यांच्या सह्यांनिशी बक्षीस.

तू हसशील. क्रिकेट हा संस्थानिकांचा आणि साहेबांचा खेळ, उन्हातान्हात राबणाऱ्याला त्याचं काय, हे मी किती व्यासपीठांवरून ठणकावलं आहे. लोकांनी टाळ्याही दिल्या. आणि रोज सकाळी वाचनालयात जाऊन मी पहिल्यांदा वर्तमानपत्राचं शेवटचं, खेळांचं पान उघडतो, हे एका पारूला माहीत आहे.

शाळेचं मैदान आठवतं का रे? आपण दोघं चुन्याच्या रेघेबाहेर उभे असायचो. चेंडू आपल्याकडे आला की हातानं द्यायचा नाही, पायानं ढकलायचा, अशी मास्तरांची ताकीद होती. मेलेलं ढोर ओढून न्यायला आपली माणसं हवीत आणि त्याच कातड्याचा चेंडू आपल्या पोरांच्या हाताला लागता कामा नये. यावर मी पुढे शेकडो भाषणं केली. पण त्या वेळी मला न्याय-बिय काही नको होता. तो लाल गोळा एकदा मुठीत धरून त्याची शिवण बोटांनी चाचपायची होती. तू नदीच्या वाळवंटात चिंध्यांच्या चेंडूनं स्टंप म्हणून रोवलेल्या बाभळीच्या काठ्या उडवायचास. तुझ्यासारखा हात मी नंतर कुठल्या मैदानावर पाहिला नाही, हे आजवर कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशी तुझ्यासाठी थांबलो, असं लिहायचा फार मोह होतो आहे. ते खरं नाही. मी माझ्यासाठी थांबलो. एक ओव्हर बघू म्हटलं. मग दुसरी. साडेदहाची गेली, म्हटलं साडेअकराची आहे. जालिंदर, माणूस एका दमात बेइमान होत नाही. एकेका ओव्हरनं होतो.

माझ्याशेजारी कवठे महांकाळकडचा धुळा नावाचा मेंढका उभा होता. घोंगड्या विकायला आलेला, खेळ पहिल्यांदाच बघत होता. कोण जिंकतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. बक्षिसाचं ऐकलं आणि त्यानं खांद्यावरची घोंगडी सोडून दोन्ही हातांत पसरून धरली. कोकरू पकडायला उभा राहावा तसा. लोक त्याला चिडवत होते, कोणी म्हणे घोंगडीत चेंडू आला तर लोकर कातरून घे. मीसुद्धा हसलो.

मग एका उंच फलंदाजानं चेंडू मारला. तो वर चढला, उन्हात दिसेनासा झाला, आणि आमच्याकडेच उतरू लागला. धुळाला सोडून मी पुढे घुसलो. पंचेचाळीस वर्षांचा मास्तर, धोतराचा सोगा सुटलेला, दोन म्हाताऱ्यांना कोपरं मारत. हात वर केले. आयुष्यात पहिल्यांदा चेंडू हातांना लागला, तळहातांवरून उडाला आणि डोळ्यावर बसला.

ऐक पुढचं, हे मी पारूलाही सांगितलेलं नाही. मी पडलो, माझ्या अंगावर माणसं पडली, डाव्या गालावरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं. आणि मी चाचपडत चेंडू शोधत होतो. सापडला. पोटाशी धरला. लोकांनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. आणि मला आनंद झाला होता, जालिंदर. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला कुठल्या सभेत झाला नाही.

धुळानंच मला टांग्यात घालून मिरजेला नेलं. डोक्याला त्याची घोंगडी गुंडाळलेली. वाटेत तो माझ्या मुठीकडे बघत म्हणाला, “मास्तर, एवढ्याशा गोळ्यापायी डोळा घालवलासा व्हय?” मी मूठ आणखी आवळली. दवाखान्याच्या दारातून तो तसाच परत गेला, घोंगडीसुद्धा मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आली तेव्हा पलीकडच्या खाटेवर तू होतास, डोक्याला पट्टी बांधलेला. रात्रीच तुला आणलं होतं. आपल्या लोकांच्या कुजबुजीतून सगळं कळत गेलं. तुझ्या आण्णांनी हट्ट धरला होता, सोपान आल्याबिगर मोर्चा हलायचा न्हाई. सत्तर वर्षांचे तुझे वडील रस्त्यात मांडी घालून बसले. तासभर सगळे उन्हात माझी वाट बघत राहिले. मग कुठल्याशा माडीवरून दगड आले, आपल्या पोरांनी उलटे फेकले, आणि त्यांना आवरायला तू मध्ये गेलास. त्यांना आवरायचं काम माझं होतं. माझा आवाज त्यासाठीच होता. तो त्या वेळी मिरजेच्या खाटेवर कण्हत होता.

संध्याकाळी वार्ताहर आला. दोन पट्ट्या बघून त्यानं मनाशी बातमी जुळवूनच टाकली होती. मला विचारलं, दगड केव्हा लागला. मी उरलेला डोळाही मिटून घेतला. तेवढंच केलं. आणि तू पलीकडून म्हणालास, “आमी दोगं संगंच हुतो.”

त्या चार शब्दांवर मी वर्षभर जगलो. आठ दिवसांत पत्रे मिळाले, लोक म्हणाले सोपान मास्तरांच्या डोळ्यानं मिळाले. माझ्या सभांना गर्दी वाढली. लोक डोळा बघायला येतात आणि भाषण ऐकून जातात. मी एकदाही म्हणालो नाही की दगड लागला. आणि एकदाही म्हणालो नाही की लागला नाही. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला ही चलाखी जमते. तू का बोललास, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझी लाज राखलीस, की चळवळीची? की त्या क्षणी तुला माझी फक्त दया आली? मला तिन्ही पुरे आहेत. पण माझ्याकडे बघताना तू हल्ली नजर थोडी वर, कपाळावर ठेवतोस, ते मला सोसत नाही.

चेंडू ट्रंकेत, पुस्तकांखाली आहे. सह्या पुसट झाल्या आहेत. कधीकधी काढून हातात धरतो. अजूनही बरं वाटतं, हेही तुला कळू दे.

आता कशासाठी लिहिलं, ते. चौदा तारखेला ते वाक्य तू वाचू नकोस. मानपत्र घडी करून खिशात ठेव, मी उठून बोलेन. मी कुठे होतो, ते सगळ्या वस्तीसमोर सांगेन. आण्णांच्या पाया पडेन. ते काय म्हणतील ते म्हणोत. एवढं माझ्या एकट्याच्या हातात असतं तर पत्र लिहिलंच नसतं, सरळ बोलून टाकलं असतं. पण मी खरं बोललो की त्याच क्षणी तू खोटा ठरतोस. तू आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी. ते उघडं पाडायची परवानगी तुझ्याकडे मागतो आहे. तू नाही म्हणालास तर मी सत्कारालाच येणार नाही, ताप आला म्हणून कळवेन, आणि तुला दोष देणार नाही. हो म्हणालास तर एवढं कर. व्यासपीठावर बसू नकोस, खाली लोकांत बस, पुढच्या रांगेत. मला घाबरायला होईल, तेव्हा तुझं तोंड दिसायला हवं. आणि उजवीकडे बस गड्या. डावीकडचं मला दिसत नाही.

तुझाच,
सोपान