रंग न धरलेलं झाकण

इंदूर, दसरा, १९५८

प्रिय दादा,

जुनी ऑस्टिन भंगारात काढा, असं म्हणून तू बाबांशी भांडलास आणि महूला निघून गेलास. तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. त्याच गाडीचं इंजिन बाबांनी पुन्हा बांधलं.

आज आम्ही त्याला हिरवा रंग देत होतो. सगळं लोखंड मी रॉकेलने पुसून ठेवलं होतं. पण काल खंडेनवमीला आईने वरच्या झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. देवाचं म्हणून मी ते नुसतं टिपून घेतलं, आणि तिथे रंग धरेना.

"कमाल करतेस! रंगाआधी तेल?" बाबा आईवर ओरडले.

"मग पूजा काय रॉकेलने करू?"

मी झाकण घासायला घेतलं, तर बाबांनी माझा हात धरला. "राहू दे. ते मधू करेल. त्याचा हात साफ आहे."

तुझं नाव ऐकून आम्ही दोघींनी एकदम वर पाहिलं. बाबाही गडबडले. मग मला म्हणाले, "त्याला पत्र टाकायचं नाही, समझी?"

म्हणून हे टाकत नाही. महूला जाऊ नकोस, असं मात्र ते म्हणाले नाहीत. उद्या सकाळच्या गाडीने ते झाकणच घेऊन येते.

तुझी,
प्रमोदिनी