दोन बादल्या पिणारी बकरी

४ मार्च १९६८, धामणगाव बढे

गुरांच्या दवाखान्यात आज रुखमाबाईंची बकरी. दिवसाला दोन बादल्या पाणी रिचवते! मागोमाग नवरा हिंमतराव, भडकलेले. "व्यापाऱ्यानं मीठ चारून इकली मले!" बाजाराआधी मीठ चारलं की जनावर ढसाढसा पितं, गुबगुबीत दिसतं — हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण घेऊन महिना झाला. मीठ काय महिनाभर पुरतं?

हिंमतरावांचा इलाज सोपा. पाणी बंद! तरी नाही सुधारली तर रविवारी खाटकाला. रुखमाबाई दावं सोडायला तयार नव्हत्या.

५ मार्च

बकरीमागे डालड्याचा डबा धरून सकाळभर उकिडवा! नागपूरला चार वर्षं शिकलो ते याचसाठी. सहा तास पाणी तोडलं तरी मूत नितळ, विहिरीच्या पाण्यासारखं. कंपाउंडर कडूबा हसून आडवा. "सायेब, मोजून कोनाले इकता?"

हस लेका. निदान पक्कं! बकरीला पोटभर पाजलं. नागपूरला कॉलेजच्या सरांना तार — औषध पाठवा.

६ मार्च

दोघांना समजावलं. मेंदूच्या बुडाशी इवलीशी ग्रंथी असते. तिच्यातलं हार्मोन मूत्रपिंडाला सांगतं — पाणी राख! ते आटलं की पाणी थेट बाहेर, रक्त खारट, आणि मेंदू ओरडतो — पी! पी!

"मंग तिच्या डोक्शात तोटी बसवता काय?" — हिंमतराव.

रुखमाबाईंनी मात्र विचारलं, "पानी तोडलं तर?"

"मरेल."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. काय ही बकरीवरची माया!

९ मार्च

सरांकडून त्याच हार्मोनचं इंजेक्शन आलं. माणसांचंच आहे. टोचलं. उद्या रविवार.

१० मार्च

अर्धी बादली! फक्त अर्धी! हिंमतराव बाजाराला गेलेच नाहीत, बादलीशेजारी ठाण मांडून बसले होते. "येका सुईत?" मी कॉलर ताठ करून गावभर हिंडलो. कडूबानेही आज सलाम ठोकला.

११ मार्च

रुखमाबाई सकाळीच आल्या. या वेळी बकरी नव्हती. हाताला धरून लेक आणली होती — कोकिळा, अठराएक वर्षांची. घागरभर पाणी पिते, अंथरूण ओलं करते म्हणून सासरच्यांनी परत धाडलेली. तिथे रात्री माठाला कुलूप असायचं.

"बकरीले लागू पडलं. इले पडन काय, सायेब?" मग पदर तोंडाशी नेऊन, "लहानपनापासून हाये तिले. म्या लय मारलं."