काकांचं चुकलेलं वळण

प्रिय वसंतकाका,

शनिवारी आपल्या सायकल कट्ट्याची टूर निघतेय. दरवर्षीसारखीच, बेलव्ह्यूहून ऑरेगनच्या समुद्रापर्यंत, चार दिवसांची. निघण्याआधी तुमच्याबद्दल दोन शब्द मी बोलावेत असं परागनं ठरवलंय. टूरचं सगळं तोच बघतो ना! तुम्ही मला सायकल शिकवलीत, म्हणून मीच बोलायचं. तीन दिवस लिहायला बसतेय, आणि 'काका म्हणजे उत्साहाचा झरा' याच्यापुढे गाडी सरकत नाहीये. म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं.

अडतिसाव्या वर्षी मला सायकल शिकवताना तुम्हाला कधी हसू नाही आलं का हो? लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही सीट धरून मागे धावत होतात, वय वर्षं सहासष्ट. माझा मुलगा लांब उभा राहून 'आई, प्लीज, डोन्ट वेव्ह' म्हणत होता. पडलीस तर पडलीस, जमीन काही लांब नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी सात वेळा पडले.

आपल्यात सगळ्यांत मागे चालवणाऱ्याला शेपूट म्हणतात, आणि शेपूट कायम तुम्हीच. हळू चालवायचात म्हणून नाही, कुणी मागे राहू नये म्हणून. वळणाचा नियमही तुमचाच. रस्ता वळला की पुढच्यांपैकी एकानं तिथं उभं राहायचं आणि शेपूट येईपर्यंत हलायचं नाही. माणूस उभा असेल तिथं वळायचं, नसेल तर सरळ जायचं. फोनमधला नकाशा तुम्हाला मुळीच आवडायचा नाही.

मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. लागला कसला, झोडपत होता! लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक शेजारून गेले की तोंडावर चिखलाचं पाणी यायचं. एका बंद पडलेल्या गॅस स्टेशनपाशी डावीकडे वळायचं होतं. तिथं थांबायची पाळी माझी होती. पंधरा-वीस मिनिटं थांबले. बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबला जाईना. त्यात पुढच्या अर्ध्या मैलावर एक कॉफी शॉप आहे आणि सगळे तिथंच थांबलेत, हे मला ठाऊक होतं.

काका, मी वळण सोडलं.

मनाशी म्हटलं, काकांना रस्ता पाठ असेल. पण तिसऱ्या दिवसाचा रस्ता त्या वर्षी नवा होता, तुम्हाला तो पाठ नव्हता आणि मला ते माहीत होतं. कॉफी शॉपचं दार उघडलं तर समोर पराग. त्यानं विचारलं, शेपूट कुठंय? मी एकटीच आत आले होते, त्याला सांगण्यासारखं दुसरं कारणच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "काका सरळच गेले. मी हात केला, ओरडले, त्यांनी बघितलंच नाही."

आणि ते खोटं खरं झालं. तुम्ही वळणावर पोचलात, कुणी दिसलं नाही, नियमाप्रमाणे सरळ गेलात. तुम्ही आपणहून परत फिराल म्हणून तासभर वाट बघून परागची सामानाची व्हॅन तुमच्या मागे गेली, तेव्हा तुम्ही नऊ मैल पुढे सापडलात. तुम्ही आत आलात तेव्हा ओठ निळे पडले होते. सगळ्यांसमोर पराग म्हणाला, काका, ही एवढी ओरडत होती, दिसली नाही तुम्हाला? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ चष्मा पुसत राहिलात. मग म्हणालात, "माझंच लक्ष नसेल रे. काचेवर पाणी होतं."

मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेतलंत. खरंच तसं वाटलं. किती मोठ्या मनाचा माणूस, म्हणून मी रडलेसुद्धा.

मग आपल्या लोकांनी आपल्या पद्धतीनं तुम्हाला बाजूला केलं. तुम्हाला 'आता सायकल नको' असं तोंडावर कोण म्हणणार? यार, मोठ्यांना कसं सांगायचं, म्हणत व्हॉट्सॲपवर चार दिवस काथ्याकूट झाला आणि शेवटी तुमचा सत्कार ठरला! शाल, श्रीफळ आणि 'ज्येष्ठ मार्गदर्शक' ही पदवी. मार्गदर्शकानं पुढच्या वर्षीपासून व्हॅनमध्ये बसायचं. शाल मीच घातली तुमच्या खांद्यावर. तुम्ही मान खाली घातलीत आणि मला शाल नीट घालता यावी म्हणून थोडे वाकलात. तेव्हा तरी बोलायचं ना मी! टाळ्या वाजल्या, बटाटेवडे आले, आणि राहून गेलं.

फेब्रुवारीत तुम्ही झोपेतच गेलात. सगळे म्हणाले, भाग्यवान.

काल तुमचा फोटो न्यायला काकूंकडे गेले होते. चहा टाकता टाकता त्या सहज बोलत होत्या. त्या टूरनंतर तुम्ही दोनदा डोळे तपासून घेतलेत म्हणे. डोळे ठणठणीत निघाले, आणि तुम्ही जास्तच घाबरलात.

"मला म्हणाले, डोळे ठीक आहेत म्हणजे डोकंच कामातून चाललंय माझं," काकू म्हणाल्या. "समोर उभी असलेली मृण्मयी मला दिसली नाही, उद्या रस्त्यात कुणाचं पोर दिसणार नाही. नातीला हे पोहायला न्यायचे ना, तेही सोडलं यांनी. गाडीची किल्ली लेकीकडे देऊन टाकली."

म्हणजे तुम्ही मला सांभाळून घेतलंच नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होतात. का ठेवलात हो? स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझं खरं मानलंत? एकदा खडसावून विचारायचं होतं, मृणू, होतीस का गं तू तिथं? मी पहिल्या प्रश्नालाच कोसळले असते. तुम्ही विचारलं नाहीत, आणि आठ महिने स्वतःला घाबरत राहिलात.

आणि मी कालही बोलले नाही, काका. चहा प्याले, फोटो घेतला, खाली येऊन गाडीत बसून राहिले.

पण आता नाही. उद्या सकाळी आधी काकूंकडे जाईन, मग तुमच्या लेकीकडे, आणि नातीलाही तिला कळेल अशा इंग्लिशमध्ये सांगेन. त्या मला दारात उभं करोत न करोत. शनिवारी सगळे हेल्मेट काढून उभे राहतील, तेव्हा उत्साहाचा झरा वगैरे काही बोलणार नाही. एवढंच सांगेन, की त्या वळणावर कुणीही उभं नव्हतं, आणि काकांना अगदी बरोबर दिसलं होतं.

तुमची,
मृण्मयी