जागा धरून ठेवलेले एडिटर बंद करण्याबाबत

प्रति,
मा. अच्युतराव साहेब, केंद्रप्रमुख,
अक्षरदीप संगणक प्रशिक्षण केंद्र, चिंताकी (मुक्काम बहुधा बिदर)

विषय : मंगळवारच्या परीक्षेआधी उघडे एडिटर बंद करण्याबाबत.
संदर्भ : फाटकापाशी केलेली माझी तोंडी विनंती, जी ऐकून आपण "बघू" म्हणालात.

महोदय,

सून निलम्मा हिला सोबत म्हणून मी केंद्रात येत होतो. नुसतं बसून अंग आखडलं, म्हणून मीही नाव घातलं. निलम्मा पास झाली तर बिदरजवळच्या कोळारच्या गोदामात तिला संगणकावरचं काम आहे. नाहीतर नाही. म्हणून जिवाला घोर.

१. केंद्रातले सगळे पडदे एकाच मोठ्या संगणकावर चालतात. एडिटर, म्हणजे कोड लिहायची पडद्यावरची पाटी, उघडला की त्यामागं लँग्वेज सर्व्हर सुरू होतो. कोडमधल्या चुकीखाली लाल रेघ ओढणं, अर्धं नाव लिहिताच पुरं सुचवणं, हे त्याचं काम. माणूस घरी गेला तरी एडिटर उघडा असेपर्यंत तो मेमरी खात बसतो.

२. आमच्या लोकांना बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय. तसेच एडिटर उघडे ठेवून जातात. समजावलं तर आमच्या वर्गातला पंचाक्षरी म्हणतो, "अप्पा, बंद केलं अन् उद्या जागा न्हाई मिळाली तर तुमच्या मांडीवर बसू व्हय?"

३. मेमरी भरली की संगणक एखादा सर्व्हर मारतो. तो नेमका निलम्माचा. लाल रेघा गायब, सगळं बरोबर दिसतं, आणि चालवलं की आपटतं. "मामा, मी लिहायलेय अन् ह्ये गपगार पडायलंय," म्हणून ती रडकुंडीला येते. गुरुवारी संगणक इतका तापला, की झाडायला येणाऱ्या अक्कम्मानं त्यावर शेंगा भाजल्या. मी दोन खाल्ल्या. एक जरा कच्ची होती, खोटं कशाला सांगू? त्याच्या पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात गेलं.

४. काल मी सगळ्यांना बसवण्णांची आण घातली. सगळ्यांनी एडिटर बंद केले. तरी मेमरी तशीच भरलेली! हुडकलं, तर एक एडिटर उद्घाटनाच्या दिवसापासून उघडा. केंद्रात शिकवतात तेवढ्या सगळ्या भाषांचे सर्व्हर त्यामागं चालू. त्यावर आपलं नाव. पासवर्ड आपला, आणि हात लावायची छाती कुणाची नाही. पंचाक्षरी तर येताजाता नमस्कार करायलाय.

तरी साहेबांनी समक्ष येऊन, एवढा एकच एडिटर आपल्या हातानं बंद करावा. निलम्मा सकाळपासून पडद्यासमोर बसून आहे. जेवायला उठ म्हटलं तर, "साहेब येऊ देत," एवढंच म्हणायलीय.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,
संगमेश्वर अमृतप्पा बिरादार
चिंताकी, शनिवार