कपाटातल्या डब्या

दि. ९ जानेवारी

चि. बाळ्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझी भाची चिमी ठीक. तू नोकरीत कायम झालास हे वाचल्यावर ह्यांनी लगेच शेजारी जाऊन सांगितलं. मी नाही सांगितलं. मला तोंड कुठे आहे आता शेजारी जायला!

तुझ्या कचेरीकडून आवाज मोजायच्या त्या डब्या घेऊन आलास, तेव्हा तुला कुणी दारात उभं करत नव्हतं. "आमचं बोलणं चोरून ऐकाल," म्हणायच्या सगळ्या. मग मीच कंबर कसून जिने चढले. अठरा घरं! "माझा सख्खा भाऊ आहे, मी सांगते ना!" वरच्या मास्तरीणबाई तर डबी गळ्याशी अडकवून शाळेत गेल्या. पोरं फिदीफिदी हसली, तरी बाईंनी काढली नाही.

तू म्हणालास, "ताई, घरी आलं की काढून कपाटात ठेवायची. वाफ लागली तर बिघडते." मी तेच घरोघर पढवलं. खालचा पत्रे कापायचा कारखाना पहाटेपासून भिंती हादरवत होता, आणि डब्या आठ दिवस कपड्यांच्या घड्यांत निवांत!

अहवाल आला. रहिवाशांच्या कानांवर पडणारा आवाज मर्यादेत. कारखान्याला आणखी एक यंत्र बसवायला हरकत नाही. तरी मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, नवखा आहे, चुकला असेल.

परवा माळा आवरताना तुझं डब्यांचं रिकामं खोकं सापडलं. तळाशी सूचनांचा कागद. पहिलीच ओळ: डबी अंगावर नसेल तेव्हा माणसाजवळ उघड्यावर ठेवावी, झाकू नये. खाली "रहिवाशांना वाचून दाखवले" आणि तुझी सही.

तुझ्या साहेबांनी सांगितलं असेल, कळतं मला. पण मेल्या, गळा कापायला तुला माझंच घर सापडलं? लहानपणी तू फोडलेल्या प्रत्येक काचेचा मार मी खाल्लाय. तू मागशील ते दिलं असतं रे. फसवलंस कशाला?

इथेच थांबणार होते, पण चिमी ठीक आहे हे मी खोटं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांचं ऐकणं आणखी उतरलं, गेलेलं परत येणार नाही, हा आवाज थांबवा. पहिल्यांदा त्यांनी आवाज थांबवा म्हणून सांगितलं, तेव्हा तिचं बोट धरून तूच तर बसला होतास. डब्या आणल्यास त्याच्या महिनाभर आधी. घर बदलणं आम्हाला झेपणार नाही, हेही तुला ठाऊक होतं.

सोमवारी त्या नव्या यंत्रावरच्या हरकतींची सुनावणी आहे. तो कागद मी घेऊन जाणार. तुझं काय होईल ते मला कळतंय, दोन दिवस रडून झालंय माझं.

चिमी तुझी रोज वाट बघते. आलास तर समोरून ये. पाठीमागून मारलेली हाक तिला आता ऐकू येत नाही.

अठरा दारांत तुझी ग्वाही देऊन आलेली,
ताई