‘बघू’चा अर्थ

दि. ११ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. फोन सोडून पत्र लिहिलंस तेव्हाच ओळखलं, काहीतरी अवघड मागायचं असणार. मीही पत्रच लिहिते आहे, म्हणजे मध्येच ‘ताई, ऐकून तर घे’ म्हणायची तुझी सोय नाही.

आम्ही ठीक. आईचा डोळा आता चांगला आहे. सुईत दोरा ओवून देते आणि वर माझ्या शिलाईला नावं ठेवते. शाळेचे गणवेश आलेत शिवायला, त्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मशीन कुरकुरतं, कंबर त्याहून जास्त.

बंद पडलेल्या साबण कारखान्याच्या जागेवरचं गवत काढून झालं. कुलूपवाले काका फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालतात, इस्त्रीवाल्या मावशींनी दोऱ्या बांधून चादरी वाळत घातल्यात. ही जागा वस्तीच्या मालकीची व्हावी म्हणून आम्ही किती उंबरे झिजवले ते तू पाहिलंस. कुणा एकाची नाही, विकायची नाही, तिथे काय बांधायचं ते वस्तीनं ठरवायचं. एवढं साधं वाक्य कागदावर यायला माझे केस पांढरे झाले.

म्हणून तुमचं विद्यापीठ मदतीला आलं तेव्हा खरंच हायसं वाटलं. आराखडे काढणारी मुलं आली, वकील आला, आणि त्यांच्याबरोबर गळ्यात ओळखपत्र घालून तू आलास. आई दाराशी उभी राहून शेजारणीला दाखवत होती. तुमच्या मॅडमही भल्या आहेत. बाहेरून येऊन आपली भाषा शिकल्या, चुकल्या तर स्वतःच हसतात. माझा त्यांच्यावर राग नाही.

शुक्रवारच्या बैठकीबद्दल मात्र तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मग मीच लिहिते.

मॅडम उठून म्हणाल्या, “संयुक्त मंडळाला मागच्या वेळी सगळ्यांनी होकार दिलात, आभारी आहे.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशींकडे. त्या मंडळात निम्मे तुमचे, निम्मे आमचे, आणि मतं सारखी पडली तर शेवटचा शब्द विद्यापीठाचा. म्हणजे जागा आमची आणि मर्जी तुमची. मी विचारलं, “होकार कुणी दिला?”

“सगळेच ‘बघू’ म्हणाले होते ना,” मॅडम म्हणाल्या. “मी तुमच्या भावाला अर्थ विचारला. तो म्हणाला, मन अनुकूल आहे, थोडा वेळ हवाय.”

मावशी फिस्सकन हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. तू खिडकीबाहेर पाहत होतास.

मंडळाच्या कागदावरच्या माझ्या सहीचं मागाहून पाहू म्हटलं आणि सगळ्यांना चहा दिला. तुझी अब्रू झाकायला मला तेवढंच सुचलं.

अरे, आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. नकोसं स्थळ आलं की बघू. मालकानं जादा काम सांगितलं की बघू. मॅडमना हे कळलं नाही, त्यात त्यांची काय चूक? पण तू इथलाच. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येशील का विचारलं, तर फोनवर म्हणालास, “बघू.” मी फोन ठेवला तशी आई म्हणाली, “नाही यायचा तो. चल, आपण दोघीच जाऊ.” आम्ही गेलो. का आला नाहीस हे तिनं तुला कधी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. तेव्हा तुला या शब्दाचा अर्थ चोख माहीत होता.

सही झाली की नोकरी कायम होईल, असं लिहिलंयस. ते खोटं नसणार. दरवर्षी मुदत संपत आली की तुझा चेहरा कसा उतरतो ते मी पाहिलंय. म्हणून तर जीव तुटतो. परका असतास तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

मी दमले रे. कचेऱ्यांशी भांडायचं बळ सकाळच्या चहाबरोबर परत येतं. तुझ्याशी भांडायचं काही केल्या येत नाही. काल काकांनी विचारलं, “साहेब काय म्हणतात?” मला आधी कळलंच नाही की ते तुझ्याबद्दल विचारताहेत. ज्यांच्या खांद्यावर बसून तू गावभर हिंडलास, त्यांनी तुला साहेब म्हणावं, हे मला लागलं.

मॅडमना खरा अर्थ तूच सांग. मी सांगितला तर तू खोटा ठरशील. तू सांगितलास तर एक चूक सुधारली, एवढंच होईल. त्या समजून घेतील असं वाटतं. नाही घेतलं तर तुझ्या नोकरीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुझ्या निळ्या शर्टाची कॉलर उलटवून शिवून ठेवली आहे. आई रोज विचारते, कधी येतोय. रविवारी जेवायला ये, रिकाम्या हातानं आलास तरी चालेल.

शेवटी तू विचारलं आहेस, कागद बरोबर आणू का, सही करशील ना.

बघू.

तुझी,
ताई